कण बारीक झाला, औषध टिकले का?

कार्बन डायऑक्साइड 31 अंश सेल्सिअसच्या किंचित वर आणि सुमारे 74 बार दाबाखाली नेला की तो ना धड वायू राहतो, ना धड द्रव. ही अतिक्रांतिक अवस्था औषधनिर्मात्याला मोहात पाडणारी आहे. उष्णता शरीराहूनही कमी, आगीची भीती नाही, आणि दाब उतरवला की वायू निघून जातो. औषध भरलेले घन मेदकण बनवायला याहून सौम्य माध्यम सापडणे कठीण. तरीही या विषयावरचे काम वाचताना एक उणीव मला सतत खटकते. कण किती बारीक झाला हे आपण हौसेने मोजतो. औषध त्यात किती काळ टिकले, हे फार कमी विचारतो.

घन मेदकणांची वाट 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनचे राइनर म्युलर आणि तोरिनोच्या मारिया रोझा गास्को यांच्या कामातून रुळली. (कोविडच्या एमआरएनए लसींतले मेदकण वेगळे, त्यांची गल्लत नको.) ट्रायस्टिअरिन, ग्लिसरिल बेहेनेट यांसारखे मेद शरीराच्या उष्णतेलाही घन राहतात, म्हणून औषध सावकाश सुटेल ही अपेक्षा. मात्र मेद वितळवून होमोजिनायझरमधून दाबाने काढायचा, तर ती उष्णता नाजूक औषधांना सोसत नाही. कार्बन डायऑक्साइडचे महत्त्व इथे आहे.

औषध आणि मेद दोन्ही त्या वायूत विरघळवून नोझलमधून सोडण्याच्या मार्गावर फार रेंगाळायला नको. बहुतेक औषधे त्यात जेमतेम विरघळतात. चिमूटभर भुकटीसाठी वायूचा डोंगर लागतो.

खरा जीव आहे तो उलट्या मार्गात. वितळलेल्या मेदातच वायू मुरवायचा. त्याने मेदाचा वितळणबिंदू काही अंशांनी खाली येतो, तो पातळ होतो, आणि नोझलमधून फवारताच फुगणारा वायू इतका गारवा करतो की थेंब तिथेच गोठतात. जर्मनीत एकहार्ड वाइडनर यांनी ही पद्धत उभी केली. पादुआच्या संशोधकांनी तिच्याच एका रूपाने इन्सुलिन मेदात बसवून दाखवले. वायू थोडा लागतो, हा मोठा फायदा. कण मात्र सहसा मायक्रोमीटरच्या घरातले निघतात. तोंडावाटे द्यायला ठीक, शिरेतून नव्हे.

पण आकारापेक्षा मोठी अडचण स्फटिकाची आहे. तूप सावकाश निवले तर रवाळ होते, झटकन गार केले तर रवा धरत नाही. मेदकणांतही थंड होण्याचा वेग असाच बोलतो. झपाट्याने गोठलेला मेद बहुधा अल्फा या विस्कळीत, अस्थिर रूपात अडकतो. त्या विस्कळीतपणातच औषधाला जागा मिळते. पुढे साठवणीत मेद हळूहळू घट्ट, शिस्तबद्ध बीटा रूपाकडे सरकतो आणि औषधाला बाहेर ढकलतो. म्हणजे ज्या वेगाने कण घडला, त्याच वेगात त्याच्या बिघाडाचे बीज आहे. पहिल्या दिवशीचा औषधभाराचा आकडा म्हणूनच मला फसवा वाटतो.

प्रतिभाष चट्टोपाध्याय, बोरिस शेकुनोव्ह आणि सहकाऱ्यांचे 2007चे काम या क्षेत्रातले सर्वांत देखणे. मेद आणि औषध सेंद्रिय द्रावकात विरघळवून त्याचे पाण्यात इमल्शन करायचे, मग कार्बन डायऑक्साइडने तो द्रावक शोषून काढायचा. इंडोमेथासिन आणि किटोप्रोफेन भरलेले, सुमारे 30 नॅनोमीटरचे कण त्यांनी मिळवले. मात्र मुळात द्रावक वापरलाच. तो नंतर निघाला, म्हणून पद्धतीला द्रावकमुक्त म्हणता येत नाही. तो क्लोरोफॉर्म असेल, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांप्रमाणे औषधात त्याचा अंश 60 पीपीएमच्या पुढे जाऊ नये. शिवाय इमल्शन धरून ठेवणारा पृष्ठसक्रियक तसाच उरतो.

आयआयटी मुंबईत ममता मुखोपाध्याय यांनी अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने वनस्पतींचे अर्क काढण्यावर 2000 साली ग्रंथ लिहिला. अर्काच्या कारखान्यांतून उच्च दाबाची भांडी आणि ती हाताळणारे हात आपल्याकडे तयार आहेत. तेव्हा एक प्रयोग इथेही व्हावा: तोच मेद, तेच औषध, एकदा होमोजिनायझरमधून आणि एकदा कार्बन डायऑक्साइडने, आणि दोन्हींचे क्ष-किरण विवर्तन व औषधगळती पहिल्या दिवशी, तीन महिन्यांनी, वर्षाने.