मेंदू, हात आणि मधला हा हृदयवाला

गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात 'मेट्रोपोलिस' दाखवला. फ्रित्झ लांगचा, जर्मन, मुका, १९२७ सालचा. भिंतीवर चादर, मशीन उसनं आणलेलं. अडीच तास पोरं जागची हलली नाहीत. शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर शहराचा मालक आणि मजुरांचा मुकादम हात मिळवतात, तेव्हा टाळ्या पडल्या. माझे हात काही उठले नाहीत. का, ते लिहितोय. ज्याला भांडायचंय त्यानं जरूर भांडावं.

आधी थोर आहे ते थोर म्हणू. भविष्यातलं शहर. वर ढगांना टेकलेल्या इमारती, मालकांच्या पोरांसाठी बागा नि कारंजी. खाली यंत्रं. यंत्रांच्याही खाली मजुरांची वस्ती. सुरुवातीलाच पाळी बदलते. दोन रांगा, माना खाली. कामावर जाणारे चालतात त्याच्या निम्म्या चालीनं सुटलेले बाहेर पडतात. बस, एवढंच. माझा बाप गिरणीत होता. रात्रपाळी करून आला की चाळीचा जिना तो असाच चढायचा, पायरीगणिक थांबत. लांगनं बर्लिनमध्ये बसून हे बरोबर पकडलं. मालकाचा पोरगा फ्रेडर खाली उतरतो, स्फोटात माणसं मरताना बघतो आणि त्याला ते यंत्र माणसं गिळणारा मोलोख दैत्य दिसायला लागतं. असं चित्र आजही कुणाला जमत नाही.

पण गोष्ट? गोष्ट सांगते की मेंदू आणि हात यांच्यामध्ये हृदय पाहिजे. मजुरांची मारिया तळघरात प्रवचन देते : थांबा, मध्यस्थ येईल. येतो कोण? मालकाचाच पोरगा. पठ्ठ्यानं एका मजुराशी कपडे बदलून एक पाळी केली, तेवढ्यात बापाच्या नावानं टाहो फोडला, आणि झाला मध्यस्थ! शेवटच्या प्रसंगात कुणी बोलतं का, की पाळी किती तासांची? पगार किती? यंत्रं कुणाची? वस्ती जमिनीखालीच राहणार का? एक शब्द नाही. नुसतं हृदयपरिवर्तन. दोस्तांनो, हा शब्द आपल्या कानांना नवा नाही.

आणि मजुरांच्या वतीनं हात पुढे करतो तो ग्रोट. आठवा, सुरुवातीला मेलेल्या मजुरांच्या खिशात सापडलेले नकाशे मालकाकडे नेऊन देणारा हाच. खबऱ्या झाला प्रतिनिधी! त्याला कुणी निवडला?

मधला दंगा तर त्याहून वाईट. मारियाचं रूप घेतलेलं यंत्र मजुरांना भडकवतं, ते हृदययंत्र फोडतात, वस्तीत पाणी भरतं, आणि सिनेमा त्यांनाच झापतो : तुम्ही पोरांना विसरलात. पण दरवाजा उघडा असा हुकूम ग्रोटला कुणी दिला? मालकानं. पाण्याच्या टाक्यांखाली माणसं कुणी वसवली? हे सिनेमा विचारत नाही. त्या पाण्यात उभी केलेली शेकडो पोरंही बर्लिनच्या गरीब वस्त्यांतून आणलेली होती. थंड पाण्यात शूटिंग दिवसचे दिवस चाललं. सुमारे ५० लाख मार्क खर्च झाले म्हणतात.

आणखी एक सलतं. खालचे सगळे एकाच कपड्यात, एकाच चालीचे, नावाऐवजी नंबर. हातांमध्ये आपसात उतरंड नाहीच. मुंबईच्या गिरण्यांत ती होती. विणकाम खात्यात धागा तोंडानं ओढावा लागे म्हणून तिथं आपल्या माणसाला घेत नसत. मालकाआधी शेजारच्या मागावरचाच आडवा यायचा. मेट्रोपोलिसच्या तळातल्या वस्तीची गटारं कोण साफ करतं? कॅमेरा तिकडे वळत नाही. लांगला आपला देश ठाऊक नव्हता, त्याला काय दोष देणार. टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे.

कथा लिहिली त्याची बायको थिआ फॉन हार्बू हिनं. १९३३ साली लांग जर्मनी सोडून गेला. ती राहिली आणि नाझी पक्षाची सभासद झाली. (याच बाईनं पुढे आयी तेंडुलकर या आपल्याकडच्या पत्रकाराशी गुपचूप लग्न केलं, हे वाचून मी चाटच पडलो.) ती नाझी झाली म्हणून कथा खोटी, असं मी म्हणत नाही. पण वर्गलढा मिटवून मालक-मजुरांना एका छातीशी धरणारं 'हृदय' नाझींना गैरसोयीचं का वाटलं नाही, हे तपासून बघा. खुद्द लांगनंही पुढे सांगितलं की हा शेवट आपल्याला पटत नाही.

कॅमेरा एक सांगतो, कथा दुसरं. म्हणून सिनेमा टाकून द्या असं मी म्हणणार नाही. कापलेले बरेच तुकडे २००८ साली ब्युनोस आयर्समध्ये सापडले, आपण पाहिली ती त्यानंतर जोडलेली प्रत. पुन्हा लावाल तेव्हा पाळी बदलण्याचा प्रसंग दोनदा लावा. पायऱ्यांवरचं हस्तांदोलन सुरू झालं की मी बाहेर विडी ओढत उभा असेन.