‘स्थानिक’ या संज्ञेची व्याप्ती

‘घोस्ट’ ही मुक्तस्रोत प्रकाशन-प्रणाली २०१३ साली निघाली. २०१९ पासून तीत वर्गणीदारांची सोय आहे. तिची ‘स्थानिक’ उभारणी, म्हणजे विकसकाच्या स्वतःच्या संगणकावरील मांडणी, एका आज्ञेने होते, हा गुण निर्विवाद होय. तथापि वर्गणी हा एकट्याचा व्यवहार नव्हे. पैसे पोहोचल्याची वार्ता ‘स्ट्राइप’कडून यावयाची असते, घरच्या संगणकाला मात्र बाहेरून गाठता येईल असा पत्ता सहसा नसतो. म्हणून स्ट्राइपच्याच साधनाने ती २३६८ क्रमांकाच्या पोर्टवर वळवावी लागते. शिवाय येथे विदासंग्रह एसक्यूलाइटचा, तर प्रत्यक्ष प्रकाशनात मायएसक्यूएल ८ चा. सारांश, ‘स्थानिक’ ही संज्ञा लेखनापुरती सार्थ आहे. वर्गणीच्या बाबतीत, ही वार्ता वळविल्यावाचून झालेली चाचणी अपुरीच मानली पाहिजे.