घरकुल योजना व ग्रामसभा : लोकसहभाग आणि विश्वासाची चिकित्सा (जत तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

निवारा ही मानवाची मूलभूत गरज आहे. १९८५-८६ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना व २०१६ पासून तिची जागा घेणारी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या दोन्हींनी लाभार्थी-निवडीत ग्रामसभेला महत्त्वाचे स्थान दिले. तत्त्वतः हा लोकसहभाग स्वागतार्ह आहे. परंतु ग्रामसभेस प्रत्यक्षात कोण उपस्थित राहू शकतो, याचा विचार त्यात पुरेसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली आहे.

अनुपस्थितांची ग्रामसभा

जत हा अवर्षणप्रवण तालुका. येथील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गाव सोडतात व गळीत हंगाम संपल्यावर परततात. २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी याच काळात येते. सभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. तहकूब सभेस तीही लागत नाही. परिणामी सभा वैध ठरते, पण घरकुलाची सर्वाधिक निकड असलेले कुटुंब त्या दिवशी उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या खोपीत असते. या अनुपस्थितीस ‘ग्रामीण जनतेची उदासीनता’ म्हणणे अन्यायकारक होय.

दुसरा अडसर भाषेचा आहे. तालुक्याच्या पूर्व भागातील अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे, तर शासकीय व्यवहार मराठीतून चालतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. मात्र ती सह्यांपुरती उरली, तर तिचा हेतूच विफल होतो.

एकतर्फी विश्वास

या योजनेत बांधकामाच्या टप्प्यांची स्थाननिश्चितीसह छायाचित्रे घेतली जातात व हप्ता थेट खात्यात जमा होतो. २०२४ च्या सर्वेक्षणात भ्रमणध्वनीवरून स्वतः नोंद करण्याची सोयही झाली. गैरव्यवहार रोखण्यासाठी हे उपाय उपयुक्त आहेत. तथापि, ते शासनाला लाभार्थ्याविषयी खात्री देतात. लाभार्थ्याला शासनाविषयी खात्री देत नाहीत. हंगामाहून परतलेल्या मजुरास आपले नाव यादीतून का वगळले, हे समजले नाही, तर तो निकषाला नव्हे, गावातील माणसांना दोष देतो. अविश्वासाचे मूळ येथे आहे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील कुंभारीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तेथे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेची १०,००० घरे उभी राहिली. २००६ मध्ये त्यांचे हस्तांतरण झाले. त्यानंतरच्या रे नगर या असंघटित कामगारांच्या ३०,००० घरांच्या प्रकल्पातील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द झाली. तेथे घर मिळण्यापूर्वीच रहिवासी संघटित होते. विश्वास आधी व भिंती नंतर, असा तो क्रम होता. विखुरलेल्या ऊसतोड मजुरांमागे असे संघटन सहसा नसते, म्हणून त्यांच्या बाबतीत ग्रामपंचायतीची जबाबदारी अधिक वाढते.

निष्कर्ष

घरकुलाच्या यादीवरील चर्चा २६ जानेवारीऐवजी १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत व्हावी. वगळलेल्या प्रत्येक कुटुंबास त्याचे कारण व अपिलाची मुदत लेखी कळवावी; पूर्व भागात ती माहिती कन्नडमधूनही द्यावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. ज्याला घर मिळाले नाही, त्यालाही आपले म्हणणे ऐकले गेले असे वाटणे, हाच लोकसहभागाचा खरा निकष मानावा लागेल.