सातबाऱ्यावरचं नाव : बारच्या मार्गदर्शकांविषयी थोडी तक्रार

मी वकील नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण इथे भोरला कायद्याच्या मुलांपुढे बोलायचं ठरलं, तेव्हा एका विद्यार्थ्याकडून बार परीक्षेची दोन-तीन मार्गदर्शकं मागवली आणि मालमत्ता कायद्याचं प्रकरण नीट वाचलं. आज बोलायचं आहे ते त्याच प्रकरणावर.

त्यात चुका आहेत असं मी म्हणत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५४ विक्री, ५८ गहाण, १०५ भाडेपट्टा, १२२ दान, सगळं बरोबर आहे. सातबाऱ्याला मात्र एकच ओळ : 'सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही.' तीही बरोबरच. फेरफार नोंदीने हक्क निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सवर्नी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात सांगून ठेवलंय. माझी अडचण अशी की ती ओळ तिथेच संपते. मुलगा पाठ करतो, खूण करतो, एक गुण मिळवतो आणि सातबारा बाजूला ठेवतो. देशभराला एकच परीक्षा, तेव्हा राज्याचा महसूल कायदा तिच्यात फारसा येणार नाही, हे समजू शकतो. पण सनद घेऊन तो मुलगा बसणार कुठे? भोरच्या कोर्टात.

आता असं समजा. वेल्ह्याकडचं एक गाव, आता तालुका राजगड म्हणायचा. तीन भाऊ. दोघे मुंबईला गिरणीत गेले, थोरला भातखाचरं आणि वरकस सांभाळत राहिला. वडील वारले, नोंद थोरल्याच्या नावावर झाली आणि नावापुढे तलाठ्याने लिहिलं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढे सातबाऱ्याचं पुनर्लेखन झालं आणि ही तीन अक्षरं गळाली. नाव राहिलं. थोरलाही गेला. त्याच्या मुलाने पुण्याच्या एका माणसाला अख्खा गट विकला. नोंदणी झाली, फेरफार मंजूर झाला, तारेचं कुंपणही पडलं. मग मुंबईहून पुतणे आले, आणि एक आत्याही आली.

खरेदीदार म्हणतो, मी सातबारा बघूनच घेतलं. इथे कलम ४१ लागतं. विकणारा दिसायला मालक असेल, हक्कदारांची उघड किंवा गर्भित संमती त्याला असेल आणि घेणाऱ्याने वाजवी काळजी घेऊन प्रामाणिकपणे घेतलं असेल, तर त्याला संरक्षण मिळतं. या 'वाजवी काळजी'त काय काय येतं? मार्गदर्शक गप्प. माझं म्हणणं, भोर-वेल्ह्यात तरी जुने फेरफार काढून वाचणं त्यात आलंच पाहिजे. ज्याने ते काढले त्याला ए.कु.मॅ. दिसतंच. ज्याने काढले नाहीत त्याने काळजी घेतली असं कसं म्हणणार? आणि कलम ४१ निसटलं की कलम ४४ उरतं : सहहिस्सेदाराने विकलं तर घेणाऱ्याला विकणाऱ्याचाच हिस्सा मिळतो. कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी विकलं असतं तर गोष्ट वेगळी, पण ती गरज खरेदीदाराने दाखवायची असते. 'चाळीस वर्षं आम्हीच कसतो' हे उत्तरही पुरत नाही. एका हिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांचा धरतात. बाकीच्यांना उघडपणे बाहेर काढल्याचं सिद्ध करावं लागतं.

बघा, चार कलमं चार पानांवर होती. ती एका जागी आली ती तीन अक्षरांमुळे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही सातबाऱ्याला कमी लेखाल. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरीच धरायची. पीककर्ज नाव बघून मिळतं. भाटघर, पानशेत, गुंजवणी, नीरा देवघर अशी धरणांची ही खोरी; संपादनाची नोटीस आधी कोणाकडे जाते? ज्याचं नाव आहे त्याच्याकडे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टॉरेन्सच्या पद्धतीत नोंद हीच मालकी, आणि हमी सरकारची. आपण नोंदीला गृहीतकापुरतं ठेवलं, आणि संसार मात्र तिच्याच भरवशावर करतो. ही विसंगती कुठल्याच मार्गदर्शकात प्रश्न म्हणून येत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही इथूनच सुरुवात केली असती.

कूळ कायद्याचंही तसंच. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, एवढं पाठ असतं. पण त्या दिवसाने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची बंधनं बसली, सातबाऱ्यावर शेरा राहिला. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती जमीन विकता येते. लॉकने सांगितलं, श्रम मिसळले की मालकी. आपल्या कायद्याने ते मानलं, पण कसणाऱ्याकडून किंमतही घेतली आणि विकण्यावर पहाराही ठेवला. हे निबंधाला उत्तम आहे, पण पर्यायी प्रश्नात बसत नाही, म्हणून वगळलेलं.

परवा त्या विद्यार्थ्याला मी सांगितलं, घरचाच सातबारा आण, आणि त्याच्या खाली जेवढे फेरफार क्रमांक आहेत तेवढे सगळे काढ. तो सहा घेऊन आला. दोन मोडीत होते. आत्याचं नाव चौथ्यात आहे, पाचव्यात नाही. हक्कसोडपत्र कुठे आहे, असं त्याने घरी विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.