समाधान कोणी कोणास शिकवायचे?

बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हणून गौरविले नाही, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात बजावले आहे. रोख ख्रिस्ती उपदेशाकडे आहे, हे उघड आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो बायबलला लागतो की त्याच्या वापराला, हे तपासले पाहिजे.

फिलिप्पैकरांस लिहिताना पौल असेल त्या स्थितीत समाधानी असल्याचे सांगतो. पण तो स्वतः बंदिवान आहे आणि स्वतःविषयीच बोलतो आहे. शिवाय त्याच पत्रात तो मिळालेल्या मदतीची पोचही देतो. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तर कापणी करणाऱ्यांची मजुरी अडकवणाऱ्या धनवानांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. शेतमजुराला पौल ऐकवायचा आणि जमीनमालकापुढे याकोब मिटून ठेवायचा, याला मी धर्म म्हणत नाही; हे वर्गहित आहे.

तरीही बाबासाहेबांचा मुद्दा उरतोच. याकोब मजुरांना धीर धरायला सांगतो. धीराने बुडालेली मजुरी मिळत नाही. त्यासाठी संघटना लागते, कायदा लागतो. स्वतःपुरते समाधान ही साधना असेल. उपाशी माणसाला सांगितलेले समाधान मात्र शोषणाचीच भाषा होय.