मध्यंतरानंतर बिघडणारे यंत्रमानव

‘मॉर्गन’ (2016) या थरारपटाच्या जाहिरातीसाठी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने एक गंमत केली होती. ट्रेलरसाठी त्यांनी आयबीएमच्या ‘वॉटसन’ या संगणकप्रणालीची मदत घेतली. वॉटसनला आधी शंभर भयपटांचे ट्रेलर दाखवले, मग त्याने ‘मॉर्गन’मधले दहा तुकडे निवडून दिले. ते जुळवायला अर्थात माणूसच बसला. प्रसिद्धीची युक्ती म्हणून हे ठीकच. पण सिनेमा पाहिल्यावर शंका येते, की पटकथाही याच पद्धतीने बेतली असावी.

दिग्दर्शक ल्यूक स्कॉटचा हा पहिलाच चित्रपट, निर्मात्यांत वडील रिडली स्कॉट. म्हणजे ‘एलियन’ आणि ‘ब्लेड रनर’चा वारसा घरचाच. बजेट सुमारे 80 लाख डॉलर, हॉलिवूडच्या हिशेबाने किरकोळ. पण नटसंच भरभक्कम. आडरानातल्या एका घराखालच्या प्रयोगशाळेत कृत्रिम डीएनएपासून मॉर्गन वाढवलेली आहे. वय पाच वर्षं, दिसायला किशोरवयीन. काटेकोर बोलायचं तर ती रोबोट नव्हे, पण तारांचा आणि पत्र्याचा आग्रह कशाला धरा? कारेल चापेकच्या 1920च्या नाटकातले मूळ रोबोटसुद्धा कृत्रिम मांसाचेच होते. मॉर्गनने एका संशोधिकेच्या डोळ्यावर हल्ला केलाय. आता तिला ठेवायचं की संपवायचं, हे ठरवायला कंपनीची अधिकारी ली वेदर्स येते.

या सिनेमात एकच प्रसंग खरा आहे आणि तो पॉल जियामॅटीने ओढून नेलाय. तो मानसशास्त्रज्ञ आहे. काचेपलीकडून बोलणं त्याला मान्य नाही. तो थेट आत जाऊन मॉर्गनसमोर खुर्ची टाकतो. आधी चौकशी, मग टोमणे, मग सरळ दमदाटी. तुला नष्ट करा अशी शिफारस मी केली तर तू काय करशील, हे तो पुन्हा पुन्हा, आवाज चढवत विचारतो. समोर मॉर्गन झालेली अन्या टेलर-जॉय हूड घालून बसलेली, चेहरा राखाडी, हालचाल जवळजवळ शून्य. पाहणाऱ्याची गोची होते. राग यावा तर त्या माणसाचा, भीती वाटावी तर त्या मुलीची. ती त्याच्या गळ्याचा चावा घेते तेव्हा धक्का बसतो, आणि त्यासोबत एक बोचरा प्रश्नही उरतो: पाच वर्षांच्या पोराला असं छळलं तर दुसरं काय होणार?

दुर्दैवाने हा प्रश्न फक्त आपल्याला पडतो. दिग्दर्शकाला पडत नाही. तिथून पुढे जंगल, गाड्या, गुद्दागुद्दी. शेवटी रहस्यभेद असा, की ली स्वतःसुद्धा बनवलेलीच आहे. लीच्या भूमिकेतली केट मारा पहिल्या दृश्यापासून इतकी कोरडी वावरते, की हे गुपित प्रेक्षकाने केव्हाच ओळखलेलं असतं.

माझी तक्रार एकट्या ‘मॉर्गन’बद्दल नाही. माणसासारख्या यंत्राची भीती त्याच्या ताकदीत नसते. त्याला आत काय हवंय, हे कळत नाही म्हणून आपण बिचकतो. अ‍ॅलेक्स गार्लंडच्या ‘एक्स मशिना’ने हे नेमकं धरलं. दीड कोटी डॉलरचा सिनेमा, मोजकी पात्रं, बव्हंशी बोलणीच. त्यातल्या एव्हा या यंत्रस्त्रीचं धड पारदर्शक आहे, आतली यंत्रणा उघडी दिसते, तरी मन दिसत नाही. तिला पारखायला आलेल्या केलबला कोंडून ती निघून जाते. तिच्या जिव्हाळ्यात काही खरं होतं का, हे आपण आजही ठामपणे सांगू शकत नाही. ‘मॅड मॅक्स’ आणि ‘स्टार वॉर्स’ला मागे टाकून दृश्यपरिणामांचं ऑस्कर या सिनेमाने नेलं, म्हणजे पैसा कमी होता ही सबबही चालत नाही. 1973च्या ‘वेस्टवर्ल्ड’मधला यूल ब्रिनरचा बंदूकबाज तर फारसा बोलतही नाही, नुसता चालत येतो. तेवढं पुरतं.

अलीकडचं उदाहरण ‘मेगन’चं. पहिल्या भागात बाहुलीपेक्षा तिची निर्माती जास्त अस्वस्थ करते: पोरक्या भाचीचं दुःख समजून घ्यायला वेळ नाही, म्हणून ती जबाबदारी खेळण्यावर टाकणारी मावशी. जगभरात सुमारे 18 कोटी डॉलर मिळाले. मग 2025 साली दुसरा भाग आला. त्यात मेगनच नायिका झाली आणि लष्करी यंत्रबाईशी लढली. भाची-मावशी कोपऱ्यात. कमाई 4 कोटींच्या आत. (रजनीकांतच्या ‘रोबोट’चा उत्तरार्धही असाच सुटतो, हे खरं. पण त्यातल्या चिट्टी या यंत्रमानवाचं सैन्य एकमेकांना चिकटून गोळा होतं तेव्हा आपण खुशीत शिट्टी मारतो, कारण दिग्दर्शक शंकरने गांभीर्याचं सोंग आणलेलंच नसतं.)

निर्मात्यांना संवाद लांबले की धडकी भरते आणि पाठलाग सुरू झाला की हायसं वाटतं. प्रेक्षकाचं नेमकं उलटं होतं. ‘मॉर्गन’ बघायचाच असेल, तर जियामॅटी खुर्चीवर बसल्यापासून कोसळेपर्यंत बघा आणि खुशाल बंद करा.