झडतीचे कारण आणि झडतीचे फळ : पूरणमल निकालाची चिकित्सा

पोलिसांनी वॉरंटशिवाय झडती घ्यावी की घेऊ नये, या वादात आज आम्ही शिरत नाही. कधीकधी घ्यावीच लागते. मॅजिस्ट्रेटकडे जाऊन येईपर्यंत माल हलतो, कागद जळतात. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कायद्याने या अधिकाराला मर्यादा घातली आहे. ती मोडली तर काय होते? उत्तर असे की बहुतेक वेळा खटल्यावर काहीच परिणाम होत नाही. आणि याचे मोठे श्रेय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर १९७३ मध्ये दिलेल्या पूरणमल निकालाकडे जाते.

आधी मर्यादा काय आहे ते बघू. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १८५. तपास अधिकाऱ्यापाशी वाजवी कारण हवे. ती वस्तू फार उशीर न होता दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही, असे त्याचे मत हवे. आणि ही कारणे त्याने झडतीपूर्वी लिहून ठेवायची; काय शोधायला निघालो आहोत तेही शक्यतो लिहायचे. आमच्या मते कलमाचा सगळा जीव त्या ‘पूर्वी’मध्ये आहे. कपाट उघडले, आत नोटांची बंडले निघाली, की आपला संशय पहिल्यापासून पक्का होता असे कोणालाही वाटू लागते. तो अधिकारी खोटे बोलतो असे नव्हे, मन असेच चालते. म्हणून कायदा म्हणतो, फळ दिसण्याआधी कारण लिही.

न्यायशास्त्र शिकलेल्यांना डोंगरावरचा अग्नी आठवेल. समजा, कोणी धुळीचा लोट पाहिला, तो धूर समजला, आणि म्हणाला तिथे अग्नी आहे. जाऊन बघतो तर खरोखरच वणवा! त्याचे म्हणणे खरे ठरले, पण म्हणून धूळ काही धूर झाली नाही. झडतीचेही तसेच आहे. चोरीचा माल सापडला म्हणून संशयाला मागच्या तारखेने आधार मिळत नाही.

पूरणमल प्रकरण प्राप्तिकराच्या छाप्यांचे होते, कलम १३२ चे. बेकायदा झडतीत सापडलेली कागदपत्रे आमच्याविरुद्ध वापरू नका, अशी मागणी होती. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : पुरावा कायद्याची कसोटी सुसंबद्धतेची आहे. संविधानाने किंवा एखाद्या कायद्याने स्पष्ट मनाई केली नसेल, तर झडती बेकायदा असली तरी पुरावा बाद होत नाही. आधाराला एक जुना निकाल होता, एम. पी. शर्मा, १९५४ चा. अमेरिकी चौथ्या दुरुस्तीसारखे कलम आपल्या संविधानात नाही, हा त्यातला मुद्दा. आणि दुसरा आधार इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलचा, १९५५ चा, कुरुमा खटला.

इथे जरा थांबू या, कारण हा खटला आपल्याकडे फारसा कोणी उघडून बघत नाही. केनियात माऊ माऊ बंडाच्या काळातली आणीबाणी. कुरुमा सायकलवरून चालला असता नाकाबंदीवर त्याला अडवून झडती घेतली. झडती घेणारे पोलिस नियमाने ठरवलेल्या हुद्द्याच्या खालचे होते. दोन काडतुसे सापडल्याचे सांगितले गेले, आणि शिक्षा झाली फाशीची. प्रिव्ही कौन्सिल म्हणाले, पुरावा सुसंबद्ध आहे ना? मग तो कसा मिळवला याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नाही. वसाहतीच्या नाक्यावर, आणीबाणीत, गोऱ्या सरकारने रयतेच्या खिशात घातलेला हात; त्याला दिलेली मान्यता एका प्रजासत्ताकाच्या घटनापीठाने उसनी घ्यावी, हे आम्हांला खटकते. निकालात त्याबद्दल अवघडल्यासारखे एक वाक्य तरी हवे होते.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. हवालदाराने कागद लिहिला नाही म्हणून खुन्याला सोडायचे का? ज्याचा मुलगा गेला त्या बापासमोर ‘प्रक्रिया’ हा शब्द उच्चारायला धीर लागतो, हे आम्हीही मान्य करतो. प्रत्येक लहान चुकीला पुरावा बाद करा, असे आमचे म्हणणे नाहीच. पण न्यायालयासमोर येते कोण ते बघा. ज्याच्याकडे काही सापडले तोच. ज्यांची घरे उपसली, ज्यांना रस्त्यात उभे करून खिसे उलटे करायला लावले आणि काहीच निघाले नाही, त्यांचा खटला उभाच राहत नाही. २०२१ मध्ये हैदराबादेत पोलिस रस्त्यावर लोकांचे मोबाइल तपासत असल्याच्या चित्रफिती निघाल्या; चॅटमध्ये गांजाचा उल्लेख शोधत होते. त्यातल्या निर्दोष माणसाने जायचे कुठे? खात्यांतर्गत चौकशी, नुकसानभरपाई असे उपाय सांगतात. कायद्याने आहेत. नाक्यावरून सुटलेला माणूस वकील शोधतो की घर गाठतो, ते तुम्हीच ठरवा.

न्यायालयाला हे कळत नाही असे नाही. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर अंगझडती मागण्याचा हक्क आहे, हे संशयिताला सांगावेच लागते. ते टाळून अंगावर सापडलेला माल ताब्यात असल्याचा पुरावा म्हणून चालणार नाही, असे बलदेव सिंग निकालाने १९९९ मध्ये ठरवले, आणि पूरणमल इथे लागू नाही म्हणून बाजूला ठेवला. पुढे २००५ मध्ये पवन कुमार निकाल आला : हातातली पिशवी म्हणजे ‘व्यक्ती’ नव्हे, म्हणून पिशवीला ते संरक्षण नाही. शब्दार्थाने बरोबर असेल. पण माल खिशात असला तर हक्क, पिशवीत असला तर नाही!

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने एम. पी. शर्मामधला खाजगीपणा नाकारणारा भाग रद्द केला. म्हणजे पूरणमलचा एक पाय डळमळला, तरी निकाल उभा आहे. १ जुलै २०२४ पासून झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे, ही नवी तरतूद आली, कलम १०५. आम्ही तिचे स्वागत करतो. फक्त कॅमेरा दाराच्या आत काय झाले ते दाखवतो. दार का ठोठावले ते त्या आधीच्या कागदावरच असते. आणि मुद्रण केलेच नाही तर सापडलेल्या मालाचे काय करायचे, याबद्दल कलम १०५ काहीच बोलत नाही.